सुटकेचे स्मरण आणि मागे राहिलेली मुले

युद्ध आणि छळ यांच्या काळात मुलांना रेल्वेगाडीने सुरक्षित स्थळी हलवण्याच्या घटना विसाव्या शतकाच्या इतिहासात मोजक्याच असल्या, तरी त्यांच्या स्मरणाचा व्याप गेल्या चार दशकांत बराच वाढला आहे. स्थानकांवर शिल्पे उभी राहिली, जुन्या मार्गांवरून स्मरणगाड्या धावल्या, चौकांना आणि शाळांना सुटका करणाऱ्यांची नावे दिली गेली. या स्मरणात एक दोष मात्र खोलवर रुजलेला दिसतो, आणि तो असा की त्याच्या केंद्रस्थानी मुलाऐवजी मुलाला वाचवणारा माणूस, संस्थान किंवा राष्ट्र येऊन बसते. वाचवणाऱ्याचे ऋण मानणे योग्यच आहे. परंतु स्मरणाचा आरंभ मुलापासून केला, तर गाडीत बसलेल्या मुलाबरोबरच गाडीत जागा न मिळालेले मूल, फलाटावर थांबलेले आईबाप आणि जिथे गाडी कधी आलीच नाही ते गाव, हे सारे त्या स्मरणात सामावते. बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांच्या सीमेलगत वसलेल्या हुमनाबादचा या विषयाशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नव्हे, आणि त्याचे उत्तर या शेवटच्या वर्गात आहे.

या प्रकारच्या घटनांपैकी सर्वांत प्रसिद्ध घटना ‘किंडरट्रान्सपोर्ट’ या जर्मन नावाने, म्हणजे मुलांची वाहतूक या अर्थाच्या नावाने, ओळखली जाते. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ या दोन दिवसांत जर्मनीत आणि तिने गिळंकृत केलेल्या ऑस्ट्रियात ज्यूंची प्रार्थनामंदिरे, दुकाने आणि घरे जाळली-फोडली गेली. त्यानंतर ब्रिटिश सरकारने १७ वर्षांखालील मुलांना तात्पुरता प्रवेश देण्याचे मान्य केले आणि पहिली तुकडी २ डिसेंबर १९३८ रोजी हार्विच बंदरात उतरली. पुढे युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १०,००० मुले या मार्गाने इंग्लंडला पोचली. हा आकडा स्मारकांवर कोरलेला असतो, परंतु त्यामागच्या अटी सहसा कोरलेल्या नसतात. मुलांनी आईबापांशिवाय यावे, ही पहिली अट होती. मूल पुढे देश सोडून जाईल आणि सरकारी तिजोरीवर त्याचा भार पडणार नाही, याची हमी म्हणून प्रत्येक मुलामागे ५० पौंड भरावेत, ही पुढे घातलेली दुसरी. दहा हजार मुलांना आत घेणारे दार त्यांच्या आईबापांसाठी बंदच राहिले, आणि त्या आईबापांपैकी बहुसंख्य पुढे छळछावण्यांत मारले गेले. आत आलेल्यांचीही कथा सरळ नव्हती. थोराड मुलांपैकी अनेकांना १९४० मध्ये, म्हणजे ज्या देशाने त्यांना आश्रय दिला त्याच देशात, शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून नजरकैदेत ठेवण्यात आले. अमेरिकेत तर १९३९ मध्ये २०,००० मुलांना प्रवेश देणारे विधेयक मांडले गेले आणि ते मताला येण्यापूर्वीच समितीच्या टप्प्यावर मेले. म्हणजे सुटकेचा इतिहास हा करुणेइतकाच परवाने, हमीपत्रे आणि कोटे यांचाही इतिहास आहे, आणि ज्या स्मरणातून ही कागदपत्रे गळून पडतात ते स्मरण पुढच्या पिढीला काहीच शिकवू शकत नाही, कारण पुढच्या पिढीसमोर निर्णय येतो तो याच कागदांच्या रूपाने.

निकोलस विंटन यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. प्राग शहरातून ६६९ मुलांना बाहेर काढण्याच्या कार्यात या इंग्रज गृहस्थांचा मोठा वाटा होता. १९८८ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमातून ही गोष्ट जगासमोर आली आणि २००९ मध्ये प्राग ते लंडन अशी एक स्मरणगाडीही धावली. प्रागमध्ये प्रत्यक्ष राहून धोका पत्करणाऱ्या डोरीन वॉरिनर आणि ट्रेव्हर चॅडविक यांची नावे मात्र बराच काळ मागे पडली, कारण लोकस्मृतीला एकच नायक धरून ठेवणे सोपे जाते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की १ सप्टेंबर १९३९ रोजी सुमारे २५० मुलांना घेऊन निघणारी गाडी युद्धाला तोंड फुटल्यामुळे निघूच शकली नाही आणि त्या मुलांपैकी जवळजवळ कोणीच वाचले नाही. ६६९ हा आकडा त्या २५० शिवाय उच्चारला, की तो अर्धा राहतो. ही जाणीव ज्या एका शिल्पात स्पष्ट दिसते ते शिल्प बर्लिनच्या फ्रीडरिखश्ट्रासे स्थानकाबाहेर २००८ मध्ये उभारले गेले. स्वतः अशाच गाडीने वाचलेले शिल्पकार फ्रँक माइस्लर यांनी त्यात एका बाजूला वाचलेली दोन मुले आणि दुसऱ्या बाजूला छावण्यांकडे नेली गेलेली पाच मुले दाखवली आहेत. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरील त्यांचेच २००६ चे शिल्प अधिक प्रसिद्ध आहे, पण त्यात फक्त पोचलेली मुले आहेत; विचाराच्या कसोटीवर बर्लिनचे शिल्प श्रेष्ठ ठरते, कारण एकाच देशाचे लोहमार्ग दोन्ही प्रकारच्या गाड्यांना वाट देत होते हे सत्य ते लपवत नाही.

मराठी मुलखात या घटनेच्या सर्वांत जवळची घटना म्हणजे कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील पोलिश निर्वासितांची छावणी, आणि तिच्या कथेतही रेल्वेगाडी दोन्ही रूपांत येते. १९३९ मध्ये पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाने बळकावल्यानंतर फेब्रुवारी १९४० पासून तेथील लाखो लोकांना मालगाड्यांच्या डब्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर राजकारण उलटले, लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात जुलै १९४१ मध्ये करार झाला आणि हद्दपारांना बाहेर पडण्याची मुभा मिळाली. १९४२ मध्ये त्यांपैकी एक लाखाहून अधिक लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचले. त्यांतील लष्करात जाण्याजोगे पुरुष युद्धावर गेले. उरल्या त्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले, ज्यांतील कित्येक अनाथ होती. यांतील मुलांची एक तुकडी मशहद आणि क्वेट्टा या मार्गाने, आधी मोटारट्रकांतून आणि मग रेल्वेने, १९४२ मध्येच हिंदुस्थानात आली आणि नवानगर संस्थानाचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे त्यांची सोय केली. पुढच्या वर्षी, १९४३ मध्ये, कोल्हापूर–मिरज लोहमार्गावरील वळिवडे येथे मोठी छावणी उभी राहिली आणि कराचीमार्गे आलेले सुमारे पाच हजार लोक तेथे १९४८ पर्यंत राहिले. शाळा, प्रार्थनामंदिर, रंगमंच, बालवीर पथके आणि सहकारी भांडार असलेले ते एक छोटे गावच होते, आणि बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तेथील मुलेही याच गावात येऊन मिळाली.

वळिवड्याचे स्मरण आज ज्या रीतीने होते ती रीत मनापासून समजून घेण्यासारखी आहे. युद्ध संपल्यावर पोलंड सोव्हिएत प्रभावाखाली गेले, छावणीतल्या बहुतेकांना परतण्यासाठी घर उरले नाही, आणि ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पांगले; मायदेशात साम्यवादी राजवट असेपर्यंत सोव्हिएत हद्दपारीचा उच्चारही जाहीरपणे करता येत नव्हता, त्यामुळे ही आठवण परदेशात, त्या वेळच्या मुलांनीच मोठेपणी स्थापन केलेल्या मंडळांनी जपली आणि ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. राजवट बदलल्यावर तीच आठवण राष्ट्रीय झाली. वॉर्सा शहरात जामसाहेबांच्या नावाचा चौक झाला, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक झाले, वळिवड्यात सप्टेंबर २०१९ मध्ये स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली. कोल्हापूरकरांना याचा अभिमान वाटावा हे स्वाभाविक आहे, आणि तो अभिमान खरा आहे. पण दोन राष्ट्रांच्या मैत्रीच्या चौकटीत बसवलेल्या आठवणीतून काही गोष्टी आपोआप बाहेर पडतात. वळिवड्याच्या बराकी उभ्या राहिल्या त्याच १९४३ साली, त्याच ब्रिटिश सरकारच्या अमलाखाली, बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली, आणि त्यांतील मुलांसाठी अशी कोणतीही गाडी कोणत्याही संस्थानाकडे निघाली नाही. पोलिश मुलांना मिळालेला आश्रय यामुळे कमी मोलाचा ठरत नाही. मात्र कोणत्या मुलाला निर्वासित मानून जागा द्यायची आणि कोणत्या मुलाला केवळ गरीब मानून सोडून द्यायचे, हे ठरवण्यामागे सत्तेचा हिशेब असतो, एवढे त्यातून कळते. त्याच बराकींची पुढची कथाही स्मृतिस्तंभापाशी ऐकू येत नाही. पोलिश लोक गेल्यावर फाळणीत सिंधमधून उखडलेली कुटुंबे तेथे आली, आणि आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी दक्षिण महाराष्ट्रात प्रसिद्ध असलेले गांधीनगर त्यांनीच वसवले. एकाच छपराखाली दोन महायातनांतून आलेल्या मुलांनी आश्रय घेतला, ही वळिवड्याची खरी श्रीमंती आहे आणि तिचे स्मारक अजून व्हायचे आहे.

वळिवड्याची पोलिश छावणी आवरली जात होती त्याच वर्षी, १९४८ मध्ये, हुमनाबादच्या परिसरातील मुलांवर घर सोडण्याची पाळी आली. हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्यात होता. संस्थानाने १५ ऑगस्ट १९४७ नंतरही भारतात विलीन होण्यास नकार दिला, लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकार या सशस्त्र स्वयंसेवक दलाने गावोगाव दहशत बसवली, आणि स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीपलीकडच्या छावण्यांतून तिचा प्रतिकार करू लागले. बीदर जिल्ह्यातील गोरटा या गावी मे १९४८ मध्ये झालेल्या हत्याकांडात सुमारे दोनशे माणसे मारली गेल्याचे सांगितले जाते. असंख्य कुटुंबांनी या काळात घरदार सोडून सोलापूरकडे, म्हणजे तेव्हाच्या मुंबई प्रांताकडे, धाव घेतली, आणि ती पायी व बैलगाडीने घेतली, कारण हुमनाबादला लोहमार्गच नव्हता. हैदराबादहून सोलापूरला जाणारा सडकरस्ता गावातून जात असे; जवळची मोठी स्थानके एकीकडे गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, आणि दुसरीकडे बीदर ही होती. गुलबर्ग्यावरून जाणारा मुंबई–मद्रास लोहमार्ग संस्थानाच्या हद्दीतून जात असल्यामुळे तोही सुरक्षित नव्हता. २२ मे १९४८ रोजी याच मार्गावरील गाणगापूर स्थानकात रझाकारांनी प्रवासी गाडीवर हल्ला केला. युरोपातील मुलांच्या सुटकेचे चिन्ह ठरलेली रेल्वेगाडी या मुलखात त्या वर्षी भीतीचे ठिकाण झाली होती. हुमनाबादवरून जाणारा बीदर–कलबुर्गी मार्ग पूर्ण होऊन त्याचे उद्घाटन झाले ते २९ ऑक्टोबर २०१७ रोजी, म्हणजे ज्यांना त्या गाडीची गरज होती ती मुले सत्तरी ओलांडून गेल्यावर.

या इतिहासाचा दुसरा भाग उच्चारताना लेखणी अडखळते; तरीही मुलापासून आरंभ करणाऱ्या विचाराला तो वगळता येत नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या लष्करी कारवाईने, जिला रूढ भाषेत पोलीस ॲक्शन म्हणतात, निजामाची राजवट आणि रझाकारांची दहशत संपली, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानातील मुसलमान वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला, आणि सर्वाधिक झळ पोचलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे नोंदवली. काही ठिकाणी सैन्याने आणि शेजाऱ्यांनी लोकांना वाचवले, हेही याच अहवालातून कळते. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला आणि २०१३ च्या सुमारास अभ्यासकांना सहज पाहता येऊ लागला. मे महिन्यात गोरट्याजवळ बाप गमावलेले मूल आणि सप्टेंबरअखेरीस त्याच तालुक्यातील एखाद्या वाड्यात बाप गमावलेले मूल यांच्यात चार महिन्यांचे आणि काही कोसांचे अंतर होते. कदाचित दोघे एकाच दख्खनी बोलीत बोलत आणि एकाच उरुसात व जत्रेत हिंडत वाढले असतील. साम्यवादी पोलंडमध्ये हद्दपारीविषयी जशी चाळीस वर्षे गप्प राहण्याची सक्ती होती, तशीच एक वेगळ्या कारणाची गप्प राहण्याची सवय या मुलखाला लागली, आणि तिच्यामुळे दोन्ही मुलांची हानी झाली: एकाचे दुःख विजयाच्या भाषणात विरून गेले, दुसऱ्याच्या दुःखाला उच्चारही मिळाला नाही.

या विस्मरणाला प्रशासकीय कारणही आहे, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. बीदर, भालकी, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग मुंबई राज्यात. त्यामुळे आज एकाच लढ्याचे आणि एकाच यातनेचे दोन सरकारी सोहळे होतात. १७ सप्टेंबरला लातूर-उदगीरकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो आणि हुमनाबाद-बीदरकडे कल्याण कर्नाटक उत्सव. एकात मराठी हुतात्म्यांची नावे येतात, दुसऱ्यात कन्नड हुतात्म्यांची, आणि घरात मराठी, शाळेत उर्दू व बाजारात कन्नड बोलणाऱ्या त्या वेळच्या मुलाला दोन्हींत पूर्ण जागा मिळत नाही. वळिवड्याच्या मुलांकडे पुढे मंडळे होती, निर्वासित असूनही एक राष्ट्र होते आणि त्या राष्ट्राला अखेर आपले दूतावास होते. इंग्लंडला गेलेल्या मुलांनी १९८९ मध्ये, पहिल्या गाडीनंतर पन्नास वर्षांनी, एकत्र येऊन मेळावा भरवला. हुमनाबादच्या मुलांकडे असे काहीच नव्हते. स्मरण हे यातनेच्या प्रमाणात होत नसते, ते नंतरच्या संघटनेच्या प्रमाणात होते, आणि म्हणून ज्यांची संघटना झाली नाही त्यांच्यासाठी ते काम समाजाला करावे लागते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की कृतज्ञतेच्या प्रसंगी मागे राहिलेल्यांची गणना करणे म्हणजे उपकाराचे तेज कमी करणे होय. बर्लिनच्या शिल्पाकडे पाहिले तर हा आक्षेप टिकत नाही. मृत्यूकडे जाणारी पाच मुले शेजारी उभी असल्यामुळेच वाचलेल्या दोघांचे वाचणे केवढे मोठे होते ते समजते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. १९४८ च्या दोन्ही बाजूंच्या जखमा उघड्या केल्या तर शांतपणे एकत्र राहणाऱ्या गावांत पुन्हा तेढ माजेल, असे अनेक जाणती माणसे प्रामाणिकपणे मानतात, आणि या भागातील आजचे राजकारण पाहता ही भीती निराधार नाही. परंतु मौनाने तेढ मिटते असे अनुभवाला आलेले नाही. मौनात राहिलेली हकीकत प्रत्येक घरात वेगळी वाढते, आणि ती हव्या त्या वक्त्याच्या हाती लागते. गोरटा येथे हुतात्मा स्मारक उभे राहिले ते २०२३ मध्ये, म्हणजे आठवण दडलेली नव्हती, ती योग्य रूपाची वाट पाहत होती. मुलाला धरून सांगितलेल्या इतिहासात गुन्हेगार आणि बळी यांचे हिशेब आपोआप मिटतात असे नाही, पण आठ वर्षांच्या मुलाला रझाकार किंवा सूड घेणारा ठरवता येत नाही, आणि एवढी सामाईक जमीन पाय ठेवायला पुरेशी आहे. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला, जिथे एकोणिसाव्या शतकात माणिकप्रभूंनी सर्व मतांना समान मानणारा सकलमत संप्रदाय स्थापला, आणि जिथल्या दरबारात हिंदू-मुसलमान दोघेही येत राहिले, तिथे असा प्रयत्न परका वाटू नये.

प्रयत्नाची सुरुवात शिल्पापेक्षा कागदापासून व्हावी. ज्या शाळा १९४८ पूर्वीपासून चालू आहेत त्यांच्याकडे दाखल-खारीज, म्हणजे मुलाचा प्रवेश आणि त्याचे शाळा सोडणे नोंदवणारी पुस्तके, असू शकतात. १९४७ ते १९४९ या काळात ज्या नावांपुढे परतल्याची नोंद नाही, ती नावे हा या मुलखातील सुटकेचा आणि न सुटण्याचा पहिला दस्तऐवज ठरेल. निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू असल्यामुळे यांतले बरेच कागद उर्दूत सापडतील, आणि ते वाचण्यासाठी मराठी, कन्नड व उर्दू जाणणाऱ्यांना एका टेबलाशी बसावे लागेल. सोलापूरच्या बाजूला आश्रितांची जी नोंद झाली असेल तिच्याशी ती नावे ताडून पाहावी लागतील, म्हणजे दोन राज्यांच्या अभिलेखागारांनाही एकमेकांकडे जावे लागेल. बोलत्या साक्षींना मात्र थांबवून ठेवता येणार नाही. १९४८ मध्ये आठ वर्षांचे असलेले मूल आज पंचाऐंशीच्या घरात आहे, आणि हुमनाबाद, बसवकल्याण, उमरगा, नळदुर्ग या वाटेवरील घरांत अशी माणसे अजून आहेत; त्यांना कोणी विचारले तर ती वाट कोणत्या रात्री तुडवली, कोणाच्या ओसरीवर भाकरी मिळाली आणि कोणाचा हात गर्दीत सुटला हे ती सांगतील, आणि सांगणाऱ्याच्या धर्माची पर्वा न करता ते त्यांच्याच बोलीत, न सुधारता, नोंदवले गेले पाहिजे. येत्या १७ सप्टेंबरपूर्वी दोन्हीकडच्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी निदान एवढे काम हाती घेतले, तर हुमनाबाद स्थानकावर पुढे कधी फलक लावायचा झाल्यास त्यावर लिहायला नावे असतील.